घडीचा चाकू स्वयंपाकघरात वापरून बघताना: आधी सांधा, मग धार, शेवटी कांदा

गेल्या वर्षभरात माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी घडीचा चाकू घेतला. कुणी शिवाजी विद्यापीठाजवळ खोली करून राहतंय, कुणाला शेतावरच्या रस्सा मंडळासाठी, म्हणजे मिळून केलेल्या रश्श्याच्या जेवणासाठी, हवा होता, कुणाला प्रवासात फळं-कांदा कापायला. जवळपास सगळ्यांनी एकच केलं. चाकू डब्यातून काढला, पँटला पुसला आणि सरळ कांद्यावर चालवला. मग एक तर 'हा काय कामाचा नाही' म्हणून खणात टाकला, नाहीतर बोटाला पट्टी बांधून घरी आले.

बहुतेक वेळा दोष चाकूचा नसतो, क्रमाचा असतो. धार कुठल्याही बऱ्या पात्याला लावता येते. सांधा (पातं मुठीत जिथे वळतं ती जागा) ढिला असेल, लॉक (उघडं पातं अडवून धरणारी कळ) नीट बसत नसेल, पातं जाडजूड असेल, तर घरी त्यावर सहसा इलाज नाही. म्हणून तपासणी सांध्यापासून सुरू करायची, आणि सांधा पास झाल्याशिवाय भाजीला हात लावायचा नाही.

घरात विळी आणि चांगली सुरी असेल, तर पाच माणसांच्या रोजच्या स्वयंपाकाला घडीचा चाकू घेऊ नका. एका-दोघांचा स्वयंपाक, प्रवास, शेतावरचं जेवण आणि स्वयंपाकघरातली बारीकसारीक कामं यासाठीच तो आजमावायचा आहे.

आधी काय जमवायचं

लाकडी फळी. पोळपाट नको, तो गोल असतो आणि पायांवर डुगडुगतो. फळीखाली घालायला ओला पंचा, एक जुना टूथब्रश, सुती फडकं, वर्तमानपत्राचे दोन-तीन कागद. धारेसाठी १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांच्या बारीकपणाचा आकडा) पाण्यावर चालणारा दगड. शेवटची धार साफ करायला चामड्याचा तुकडा. आपल्याकडे कोल्हापुरात चप्पल लाइनीत विचारलं तर तळव्याचा उरलेला तुकडा सहज मिळतो. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं असतं. ते कडक आणि सपाट असल्यानं या कामाला फार चांगलं.

सांध्यात घालायला मेडिकलमधून लिक्विड पॅराफिनची छोटी बाटली आणा. नुसतं लिक्विड पॅराफिन मागा. पोट साफ होण्याच्या औषधात ते दुसऱ्या द्रव्यांसोबत मिसळून मिळतं, ते नको. शेंगतेल काही दिवसांत चिकट होऊन सांधा धरून ठेवतं. खोबरेल थंडीत गोठतं. शिलाई मशीनचं तेल खाण्याच्या वस्तूजवळ जाऊ देऊ नये.

टप्पा १: विकत घेण्याआधी पातं मोजा

लांबी आठ ते नऊ सेंटीमीटर असावी. त्याहून आखूड पातं कांद्याच्या आरपार जात नाही. त्याहून लांब घेतलं तर मूठही तेवढीच लांब होते आणि खिशात मावत नाही.

लांबीपेक्षा महत्त्वाची जाडी, आणि नेमकी तीच कुणी बघत नाही. पाठीवर, म्हणजे धारेच्या विरुद्ध कडेला, पातं दोन मिलिमीटरच्या आत हवं. दिसायला दणकट असे तीन-चार मिलिमीटर जाडीचे चाकू बाजारात खूप आहेत. दोरी, खोकी, फांदी यांना ते बरे. भाजीत गेल्यावर ते पाचरीसारखे वागतात, म्हणजे भाजी कापत नाहीत, फाडतात. फ्रान्सचा ओपिनेल नंबर ८ स्वयंपाकाला बरा पडतो तो याच कारणानं. त्याचं पातं साडेआठ सेंटीमीटर लांब आणि पाठीवर दोन मिलिमीटरपेक्षा पातळ असतं. तोच घ्या असं माझं म्हणणं नाही, पण माप तेवढं लक्षात ठेवा. घरी व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) नसेल तर उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडे दोन मिनिटांत मोजून मिळतं.

अर्धी धार करवतीसारखी दातेरी असलेला चाकू नको. ती घरच्या दगडावर लावता येत नाही आणि कोथिंबीर चिरताना पानं ओढते.

*सावधान:* बटण दाबताच फटकन उघडणारे चाकू स्वयंपाकासाठी घेऊच नका. शस्त्रविषयक नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेले वगळून. आपला चाकू या मापाच्या कितीतरी आत असतो, तरी तो खिशात घालून देवळात, सभेत, मिरवणुकीत जाऊ नका. विमानात हातातल्या सामानात तो चालत नाही, चेक-इन बॅगेत टाकावा लागतो.

टप्पा २: कोरडी तपासणी

इथे घाई करू नका. हे सगळं कोरड्या हातानं, उजेडात, पंधरा मिनिटं हाताशी ठेवून करायचं.

पहिल्यांदा आपला चाकू कुठल्या जातीचा आहे ते ओळखा. साध्या चाकूत पातं फक्त पाठीतल्या स्प्रिंगच्या दाबावर उघडं राहतं, लॉक नसतं. लाल मुठीच्या छोट्या स्विस चाकूंतले बरेच याच जातीचे. दुसऱ्या जातीत मुठीच्या आतली पोलादी पट्टी बाजूला सरकून पात्याच्या बुडाला टेकते. तिसऱ्यात मुठीच्या पाठीवरचा दांडा पात्याच्या खाचेत पडतो. चौथ्यात गळ्याशी फिरणारी कडी असते. ओपिनेलनं ती १९५५ साली आणली. कडी फिरवायला विसरलात तर तो चाकू बिनलॉकचाच समजायचा.

आतल्या पट्टीचं लॉक बहुतेक उजव्या हाताला धरून केलेलं असतं. डावखुऱ्या माणसानं ते दुकानातच स्वतः उघडून-मिटून बघावं. डाव्या हातात बोटं नकळत त्या पट्टीवर दाब देतात.

आता तपासणी.

१. चाकू पूर्ण उघडा. एका हातात मूठ घट्ट धरून, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पातं पाठीकडून धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. केसभर हालचाल चालेल. खटखट जाणवली तर स्क्रू असलेल्या चाकूत स्क्रू थोडा आवळा. रिव्हेट (कायमची ठोकलेली खीळ) असेल आणि खटखट असेल तर चाकू परत करा.

२. तसंच वर-खाली हलवा. ही हालचाल अजिबात नको. बाजूची ढिलाई फक्त कापणीला त्रास देते. वर-खालीची ढिलाई म्हणजे लॉक नीट बसत नाही.

३. चाकू उघडा ठेवून मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा. पातं मिटलं तर ज्या खाचेत जाईल, तिथे एकही बोट नको. मग पात्याची पाठ घडी घातलेल्या पंचावर हलकेच चार-पाच वेळा आपटा. लॉक सुटलं तर तो चाकू स्वयंपाकघरात नको.

४. मिटताना पातं मुठीच्या मधोमध उतरतं का बघा. एका बाजूला घासत असेल तर धार तिथेच मरते.

५. शेवटी हात साबणाच्या पाण्यात बुडवून, न पुसता, चाकू उघडायचा प्रयत्न करा. नखाच्या खाचेतून उघडणारे कितीतरी चाकू ओल्या हातानं उघडत नाहीत. स्वयंपाक करताना हात कोरडे कधी असतात? उघडला नाही तर चाकू बाद होत नाही. फक्त तो कामाला बसण्याआधी उघडून ठेवायचा आणि काम संपेपर्यंत मिटायचा नाही, हे पक्कं करा.

तिसऱ्या तपासणीवर मी एवढा जोर का देतो ते सांगतो. कळंब्याच्या बाजूला एका मळ्यात आमचं जेवण होतं. पांढऱ्या रश्श्यासाठी नारळाची वाटी सोडवायची होती आणि माझ्याकडे बिनलॉकचा चाकू होता. टोक करवंटी आणि खोबऱ्याच्या मध्ये घालून मी मूठ वर उचलली. जोर आला तो पात्याच्या पाठीवर. स्प्रिंगनं हार खाल्ली आणि पातं मिटलं, तर्जनीच्या मधल्या पेरावर. तीन टाके पडले, महिनाभर बोट नीट वळत नव्हतं. मी लेथवर काम करतो, माझं पोट या बोटांवर आहे. चाकू अजून आहे माझ्याकडे, चांगला आहे. चुकलं होतं ते मी दिलेल्या जोराची दिशा.

*सावधान:* बिनलॉकच्या चाकूनं टोक खुपसून काहीही करायचं नाही. जोर कायम धारेच्या दिशेनं, खाली फळीकडे.

टप्पा ३: पहिली धुलाई

नवा चाकू कारखान्यातल्या ग्रीसमध्ये आलेला असतो. पात्यावरचं दिसतं, खाचेतलं दिसत नाही. चाकू पूर्ण उघडा, कोमट पाणी आणि भांड्याचा साबण घेऊन टूथब्रशनं खाच आणि सांधा घासा. तीन-चार वेळा उघड-मिट करा आणि पुन्हा घासा. करडा फेस येतो. तो पांढरा होईपर्यंत थांबू नका.

लाकडी मूठ असेल तर पाण्यात बुडवून ठेवायची नाही. ब्रश ओला करून घासा आणि लगेच पुसा. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि पातं मुठीत अडकून बसतं. पावसाळ्यात चाकू न भिजताही हे होतं. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या हवेत कितीही जपलं तरी लाकडी मूठ थोडी घट्ट होतेच. अडकलेलं पातं पक्कडीनं ओढू नका. मुठीचं बूड टेबलाच्या कडेवर हलकेच आपटा, पातं थोडं वर येतं, मग बोटानं उघडता येतं.

धुतल्यावर पुसा आणि उघडाच पंख्याखाली अर्धा तास ठेवा. पूर्ण वाळल्यावर सांध्यात पॅराफिनचा एक थेंब. एकच. जास्त घातलं तर ते पात्यावरून ओघळून भाजीत येतं आणि त्याला धूळही चिकटते.

*तपासा:* पांढरं फडकं खाचेत फिरवून बघा. काळं लागत असेल तर पुन्हा धुवा.

टप्पा ४: धार

चाकू नवा आहे म्हणजे धार असणारच, असं समजू नका. वर्तमानपत्राचा कागद एका हातात उभा धरा आणि पातं बुडापासून टोकापर्यंत ओढत कापा. सरळ, आवाज न करता कापला तर दगड लावायची गरज नाही, चामड्यावर दहा-दहा वेळा ओढलं तरी पुरे. कागद अडकला, फाटला, तर दगड काढा.

दगड दहा मिनिटं पाण्यात ठेवून ओल्या पंचावर मांडा. लॉक बसलंय याची खात्री करा. धार लावताना बिनलॉकचा चाकू मिटू शकतो, त्यामुळे त्याच्या पात्यावर डाव्या हाताची दोन बोटं सपाट ठेवून दाब पात्यावरच द्या, मुठीवर नको.

कोन हा सगळ्यांना अवघड वाटणारा भाग. पातं २० मिलिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून साधारण ६ मिलिमीटर वर हवी. साध्या शिसपेन्सिलीच्या जाडीपेक्षा किंचित कमी. पेन्सिल शेजारी ठेवून सुरुवातीला नजरेनं जुळवा. मग तो कोन न बदलता, बुडापासून टोकापर्यंत, एका बाजूला घासत राहा. कोन थोडा चुकीचा असला तरी चालेल, पण प्रत्येक फेरीला बदलता कामा नये.

किती वेळ? दुसऱ्या बाजूला कोर येईपर्यंत. अंगठा पाठीकडून धारेच्या दिशेनं, धारेला आडवा, हलकेच सरकवून बाहेर न्या. कडेला बारीक खरखरीत ओठ आलेला जाणवतो. तीच कोर. ती बुडापासून टोकापर्यंत सलग आली तरच बाजू बदला. बहुतेक लोक दहा वेळा इकडे, दहा वेळा तिकडे मोजून सोडून देतात आणि धार येत नाही म्हणतात. मोजू नका, कोर शोधा. दोन्ही बाजूंना कोर आल्यावर दाब कमी करत एकदा इकडे, एकदा तिकडे असं आठ-दहा वेळा घ्या. मग चामड्यावर पातं पाठीच्या दिशेनं ओढा. धारेच्या दिशेनं ढकललंत तर चामडं कापलं जाईल. पुन्हा कागद.

*सावधान:* पातळ पातं दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या कोरड्या फिरत्या चाकावर देऊ नका. विळीचं जाड पातं ते सोसतं. या चाकूचं टोक काही सेकंदांत इतकं तापतं की पोलादाचं पाणी उतरतं. टोकाला निळसर झाक दिसली तर तेवढा भाग मऊ झाला. तिथे आज धार लागेल, पण चार दिवस टिकणार नाही. आमच्या कामात हत्यार घासताना असा निळा रंग आला की तेवढा भाग घासून टाकावा लागतो.

टप्पा ५: फळी कुठे, हात कुठे

स्वयंपाकाची सुरी मुठीपेक्षा खाली उतरलेली, रुंद असते, म्हणून बोटं फळीपासून वर राहतात. घडीच्या चाकूत मूठ आणि पातं एका रेषेत. धार फळीला टेकते तेव्हा बोटांची पेरंही टेकतात. मग लोक टोक वर करून बुडानं कापतात, कांदा तळाशी चिकटून राहतो, आणि चाकू बोथट म्हणून शिव्या खातो.

उपाय सोपा आहे. फळी ओट्याच्या कडेला आणा आणि कापताना मूठ फळीच्या बाहेर, हवेत राहील अशी धरा. फळीवर फक्त पातं. फळीखाली ओला पंचा पसरा, नाहीतर कडेला आणलेली फळी सरकते.

विळीवर वाढलेल्या हातांना आणखी एक अडचण येते. विळीत पातं जागेवर आणि भाजी पुढे सरकते. माझ्या आईनं हा चाकू पहिल्यांदा घेतला तेव्हा डाव्या हातात बटाटा धरून तो पात्यावर ढकलायला लागली. पन्नास वर्षांची सवय. मग तिनं स्वतःच उपाय काढला: फळीवरची कामं सोडून दिली, आणि हातात धरून करायची तेवढीच कामं, सोलणं, शिरा काढणं, वांग्याला चिरा देणं, या चाकूनं करायला लागली. मला ते पटतं. हा चाकू हातातल्या कामाला फळीपेक्षा जास्त चांगला आहे.

हातात धरून कापताना अंगठ्याच्या दिशेनं कापायचं असेल तर चाकू लॉकचाच हवा आणि हालचाल अर्ध्या इंचाची. तळहातावर ठेवून आरपार कापू नका.

टप्पा ६: भाज्या, या क्रमानं

क्रम मुद्दाम असा आहे. सोप्यापासून चिवटाकडे गेलं की बिघाड कशात आहे ते कळतं. सगळं एकाच बसणीत करा. कपिलतीर्थ मंडईतून प्रत्येकी एक-दोन नग आणले तरी भागतं.

१. काकडी. पातळ चकत्या. चकती एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ येत असेल तर पातं सांध्यात हलतंय. दुसऱ्या टप्प्याकडे परत.

२. टोमॅटो. पिकलेला, पातळ सालीचा. पातं सालीवर नुसतं ठेवा, दाबू नका, आणि आपल्याकडे ओढा. साल आधी किंचित खोलगट होते. धार असेल तर पहिल्याच ओढीला तिथे बारीक ओली रेघ उमटते आणि पातं आत उतरतं. धार नसेल तर टोमॅटो गोल फिरतो. तेव्हा जोर लावायचा नाही. चौथ्या टप्प्याकडे परत.

३. गाजर. ही जाडीची परीक्षा. उभं न चिरता आडवं कापा. पातं अर्ध्यावर गेल्यावर कट् असा आवाज येऊन खालचा भाग आपोआप सुटला, तर गाजर कापलं गेलं नाही, फुटलं. कापलेल्या बाजूवर बोट फिरवा, वरचा अर्धा भाग गुळगुळीत आणि खालचा खरखरीत लागेल. कितीही धार लावली तरी हे सुधारत नाही, कारण दोष पाठीच्या जाडीत आहे. असा चाकू वाईट नाही, पण गाजर-बटाट्याला तो लावू नका.

४. कांदा. मिसळीवर घालायचा बारीक कांदा चिरून बघा, यात सगळंच तपासलं जातं. मध्यम कांदा घ्या. बुडखा न काढता उभे दोन भाग करा, सपाट बाजू फळीवर. टोक बुडख्याच्या अलीकडे टेकवून स्वतःकडे ओढत उभ्या चिरा द्या. मग आडवं कापत या. फळीला समांतर आडवी चीर द्यायची पद्धत इथे सोडून द्या. त्या वेळी मूठ फळीला अडते आणि पातं वर उसळून डाव्या हाताकडे येतं. मोठ्या सुरीसारखं टोक टेकवून मागचा भाग वर-खाली करायचा प्रयत्नही करू नका, आखूड पात्यात ती गोलाई नसते. प्रत्येक काप ओढून.

पाच-सहा कांदे झाल्यावर मूठ बोटांना टोचते का ते बघा. बारीक, चौकोनी मुठी एका कांद्याला त्रास देत नाहीत, सहाव्याला देतात.

५. आलं, लसूण, लवंगी मिरची. टोकाचं काम. मिरची उभी चिरल्यावर तिचा रस सांध्यात जातो. तसाच चाकू मिटून खिशात गेला तर संध्याकाळी उघडताना बोटाला लागतो आणि बोट डोळ्याला. मिरचीनंतर धुवूनच पुढे.

६. भरल्या वांग्यांसाठी चार चिरा, देठ न तुटू देता. इथे चांगला घडीचा चाकू मोठ्या सुरीला मागे टाकतो. चीर देठाच्या किती जवळ नेता येते, यावरून टोकावरचा ताबा कळतो.

७. लिंबू शेवटी, कारण आंबटानं कार्बन पोलादावर लगेच डाग पडतो. तसा चाकू लिंबानंतर लगेच पुसायचा, नाहीतर पुढच्या फोडीला लोखंडी चव लागते.

या गोष्टींना हा चाकू लावायचा नाही

सुकं खोबरं. गुळाची ढेप. आपल्याकडे गूळ फोडायला हाताला येईल तो चाकू घेतात आणि टोक तुटतं, त्यासाठी बत्ता किंवा उलथनं घ्या. ऊस सोलणं, कारण त्यात सगळा जोर आडवा, सांध्यावर येतो. हाडं, फणस, फ्रीजरमधून काढलेलं काहीही. डब्याची झाकणं.

टप्पा ७: मटण-चिकन, लावायचंच असेल तर

मटण आपण कापूनच आणतो, त्यामुळे चाकूला काम उरतं ते चरबी आणि पापुद्रा काढण्याचं. माझं मत स्पष्ट आहे: लाकडी मूठ किंवा पाठीकडून बंद खाच असलेला चाकू कच्च्या मांसाला लावू नये. चरबी खाचेत जाऊन बसते, ब्रश तिथे पोचत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच चाकूनं आपण कोशिंबीर करतो. पाठीकडून आरपार उघडा, स्टेनलेस पात्याचा आणि लाकडाशिवाय मुठीचा चाकू असेल तर वापरा. आधी कच्च्या खायच्या भाज्या कापून बाजूला ठेवा, मग मांस.

चरबीच्या हातानं मूठ निसटते. दर काही मिनिटांनी हात आणि मूठ दोन्ही पुसा. घाम आणि चरबी एकत्र आले की कुठलीच पकड भरवशाची राहत नाही.

*कापलंच तर:* स्वच्छ फडक्यानं दहा मिनिटं सलग दाबून धरा, मध्येच उघडून बघू नका, हात वर ठेवा. हळद, चहापूड भरू नका. कड उघडी राहत असेल, रक्त थांबत नसेल किंवा बोट वळत नसेल तर थेट दवाखान्यात. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही डॉक्टरांना सांगा.

टप्पा ८: धुणं आणि मिटणं

सगळ्यात जास्त चाकू इथे बिघडतात. बेसिनमध्ये ताटा-वाट्यांखाली उघडा चाकू टाकायचा नाही. भांडी घासणाऱ्याचा हात कापतो. काम झालं की लगेच, स्वतः, वेगळा धुवायचा.

पातं पाठीकडून पुसत साबण लावा. सांधा आणि खाच टूथब्रशनं. मांस कापलं असेल तर हाताला सोसेल तितकं गरम पाणी आणि दोनदा साबण. मग टोक खाली करून झटका, पुसा, फडक्याचं टोक काडीवर गुंडाळून खाचेत फिरवा. आणि उघडाच, मुलांच्या हाताला येणार नाही अशा उंच फळीवर, तासभर ठेवा. लगेच मिटलेल्या चाकूत पाणी कोंडतं. स्टेनलेस पात्यालाही सांध्याजवळ तांबूस ठिपके पडतात ते यामुळेच.

*तपासा:* तीन दिवसांनी मिटलेला चाकू उघडून सांधा नाकाशी न्या. शिळ्या कांद्याचा आंबट वास आला तर आतला रस निघालेला नाही. पुन्हा धुवा. दोन-तीनदा नीट धुऊनही वास येत राहिला, तर त्या चाकूची रचनाच स्वयंपाकाला योग्य नाही, तो फळं आणि दोरीसाठी ठेवा.

कार्बन पोलादाचं पातं कांद्या-टोमॅटोनं करडं, निळसर होतं. ते घासून काढू नका, तो थर पात्याला थोडं गंजापासून वाचवतो. नारिंगी, बोटाला लागणारा असेल तो गंज. तो चिंचेच्या कोळानं किंवा ओल्या राखेनं काढा, धुवा, वाळवा, पॅराफिनचं बोट फिरवा.

टप्पा ९: आठ दिवस रोज वापर

एका दिवसाच्या चाचणीवर ठरवू नका. आठ दिवस रोज किमान एक वेळचं कापणं याच चाकूनं करा. रोज संध्याकाळी कागदाची परीक्षा घ्या आणि कितव्या दिवशी कागद अडकायला लागला ते लिहून ठेवा. स्वयंपाकाला चालणाऱ्या घडीच्या चाकूंचं पोलाद बऱ्याचदा ५५ ते ५८ रॉकवेलच्या (पोलादाच्या कडकपणाचं माप) आसपास असतं. अशा पात्यानं एका-दोघांच्या स्वयंपाकात आठवडाभर तरी, मधूनमधून चामड्यावर ओढून, टोमॅटो कापला पाहिजे. तिसऱ्याच दिवशी अडकला तर आधी स्टीलच्या ताटात किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर कुणी कापत नाही ना ते बघा. धार मरायचं घरातलं सगळ्यात मोठं कारण तेच आहे.

आठव्या दिवशी दुसऱ्या टप्प्यातल्या पाचही तपासण्या पुन्हा करा. पहिल्या दिवशी नसलेली वर-खालीची हालचाल आता आली असेल, तर चाकू त्याच दिवशी परत करा, पावती असेपर्यंत. काहीच बदल नसेल तर तो ठेवा, आणि घरातल्या प्रत्येकाला लॉक कसं उघडायचं आणि कसं मिटायचं ते हातात देऊन दाखवा, बोटं खाचेबाहेर ठेवून.